सांगून केलेला संसार

ताई, माझं खरं नाव लिवू नका. सुमन लिवा. सुमन नावाच्या बाया ढीगभर हायेत, कुणाच्या ध्यानात याचं न्हाई. गाव खरं लिवलं तरी चालंल, गावाला समदं आदीच ठावं हाय, गावापासनं लपवायचं असं काय ऱ्हायलं न्हाई. आमची वाडी भाज्याच्या वर. लेण्याला येणारी माणसं पायऱ्यांनी जात्यात, आमी डाव्या अंगाच्या पायवाटंनं जातो, डोंगराच्या पोटाला. बा दुसऱ्याच्या भातात राबायचा, भात निघालं की गवत कापायचा, आय करवंदं नायतर जांभळं घिऊन मळवलीच्या टेशनावर बसायची. मी चौथीपोतर शिकले. पुढची शाळा खाली व्हती, आन् खाली पोरीला एकटी धाडायची म्हंजे आयला घोर, म्हणून शाळा सुटली आन् शेरडं आली माझ्या मागं.

मोठी झाले तशी लोणावळ्याला लाँड्रीत कामाला लागले. आमच्या वाडीच्या दोघी-तिघी जायच्याच, त्यांच्यासंगं. बंगल्यांच्या, हाटेलांच्या चादरी तितं यायच्या. शनवार-रयवार पुण्या-मुंबईची माणसं हवा खायला यायची आन् सोमवारी आमच्याकडं चादरींचा डोंगर पडायचा. मोठी मशिनं व्हती, पण डाग आदी हातानं काढायला लागायचं, आन् चादरीवर काय काय डाग असत्यात ते काय सांगू तुम्हाला, तुमी बाईमाणूस हाय, समजून घ्या. आमी हसायचो. लगीन न झालेल्या पोरी लाजायच्या. कुणाला कवा काय झालं न्हाई. हे मी आत्ताच सांगून ठिवते, कारण पुढं ह्याच चादरींवरनं माझं वाटोळं केलं लोकांनी.

लगीन झालं ते कार्ल्यात. किसन मांडवाचं काम करायचा, डेकोरेशनवाल्याच्या टोळीत, बांबू उभं करायचं, कपडा लावायचा, गाद्या घालायच्या. लग्नसराई आली की टोळी लांब लांब जायची, नाशिक म्हणू नका, पनवेल म्हणू नका, महिना महिना घरी येणं न्हाई. खोटं कशाला बोलू, सुरवातीला चांगला व्हता. लग्नात उरलेल्या झेंडूच्या माळा गोळा करून आणायचा, चोळामोळा झालेल्या, पण आणायचा, आन् दाराला बांधायचा. सासू म्हणायची दिवाळी हाय का दसरा. तो म्हणायचा आमच्या घरी रोजचीच दिवाळी. असा व्हता.

मला दिवस गेले. सातवा सरंस्तवर मी लाँड्रीत जात व्हते, मंग सासूनं बसवलं घरी. आठव्यात किसन आला बाहेरगावाहून, लय दिसांनी आला व्हता. त्याच्या पिशवीतनं कपडं धुवायला काढलं तर मलमाची टूब आन् गोळ्यांचं पाकीट. म्हणलं हे काय ओ. तो म्हणाला गजकर्ण झालंय, घामानं, मांडवात कापडाखाली उभं ऱ्हावं लागतं. मी म्हणलं आसंल. मला काय म्हाईत गजकर्णाचं मलम येगळं आन् ह्याचं येगळं. नवरा-बायकोचं जसं असतं तसं झालं. मी नको म्हणत व्हते, पोट मोठं व्हतं, पण तो लांबनं आलता.

मंग आठवड्याभरात मला ताप भरला. अंग असं मोडून आलं की उठवंना, जांगंत दोन्हीकडं गाठी आल्या, आन् खालच्या जागेला बारीक बारीक फोड, पाणी भरलेलं, मंग फुटून त्याच्या जखमा. लघवीला बसले की वरडायची मी. वरडायची म्हंजे खरंच वरडायची, ताई, पदर तोंडात कोंबून. सासू म्हणाली उष्णता हाय, पोटुशीला व्हती. सब्जा पाजला, जिऱ्याचं पाणी पाजलं. मंग पयल्या बाळतपणाला म्हायेरी नेलं, तर आय बी म्हणली उष्णताच. पल्याडच्या वाडीत एक म्हातारी नागीण उतरवायची, तिला बोलावली. तिनं काय बघितलं न्हाई, लुगडं सुदीक बाजूला केलं न्हाई, नुसतं आयकून सांगतलं नागीण हाय, आन् माझ्या कमरंवर गेरूनं नागाचं चित्र काढलं. फोड सुकलं मंग. ते आपूआप सुकत्यात, मला आता म्हाईत हाय. तवा वाटलं गेरूनं सुकलं.

कळा आल्या तवा दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं इचारलं काय तरास झालता का मदी, आयनं सांगतलं उष्णतेचं फोड उठलतं, बसलं आता. मी बी तेच सांगतलं. नर्सबाई म्हणाली बरं. गर्दी व्हती, तिचं बी काय चुकलं म्हणू. पोरगी झाली. गोरी न्हाई, आपल्यासारखीच सावळी, पण केस बगा, असं दाट केस, की नर्सबाईनं दुसऱ्या बाईला बोलावून दाखवलं.

बारशाची तयारी चाललती. आयनं घुगऱ्या भिजत घातलत्या. आन् पोरगी दूध घ्यायची थांबली. आदी वाटलं झोप लागली, बाळं झोपत्यात. मंग बगितलं तर डोस्क्याच्या केसात दोन-तीन बारीक फोड, पाण्यानं भरलेलं. ते फोड मी वळखलं. तसलंच फोड. मी आयला म्हणलं आय हे माझ्यासारखं हाय. आय म्हणली गप, घामोळं हाय. मंग पोरीला आकडी आली. हात असा ताठ केला तिनं आन् डोळं वर. खाली आणली, टेम्पोत घातली, तळेगावच्या दवाखान्यात पुण्याला न्या म्हणलं, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तितं काचंच्या पेटीत ठिवली. तिच्या एवढ्याशा हाताला सुई. तितंच गेली. बारसं झालं न्हवतं म्हणून तिला नाव न्हाई, मी मनात सुदीक कोणत्या नावानं हाक मारू ते मला कळत न्हाई.

तितं एक डॉक्टरीण व्हती, कवळीच पोर, माझ्याशेजारी फरशीवर बसली आन् म्हणली, ताई, बाळंतपणाच्या आधी तुम्हाला खाली फोड आले होते का. मी म्हणलं व्हय. किसन बी कळल्यावर आलता, त्याला तिनं बाहेर बोलावलं, लय येळ बोलत व्हती. मला काय आयकू आलं न्हाई, दारातनं निस्ता दिसत व्हता, खाली मान घालून पायानं फरशी घासत व्हता. माघारी आला तवा मी म्हणलं काय म्हणल्या, तर म्हणाला काय न्हाई, दोघांनी येऊन तपासून जा म्हणत्यात. आन् मंग कार्ल्यात घरी गेल्यावर त्यानं सासूला आन् मला सांगतलं की डॉक्टरनं सांगतलं, लोकांच्या घाण चादरी धुवून धुवून तिनं रोग आणलाय, तिच्यातनं पोरीला गेला.

हे त्यानं सांगतलं. मला. माझ्या तोंडावर.

सासूनं छाती बडवली. परक्याची पापं धुवायला गेलीस आन् आमच्या घरात आणलीस, म्हणली. माझी पोर गेलेली, दूध छातीत दाटून गच्च झालेलं, चोळी भिजत्याय, आन् ही मला अंगणात बसवून वरनं पाणी वतत्याय. आन् ताई, मला ते खरं वाटलं. तुमी म्हणाल कसं काय, पण मला खरंच वाटलं. मला वाटलं कुणा हाटेलातल्या बाईची घाण माझ्या हाताला लागली, आन् मी माझ्या पोरीला खाल्लं. तपासायला किसन गेलाच न्हाई परत. मला म्हायेरी धाडली ती आणायला कोण आलं न्हाई. पुढच्या सराईला त्यानं दुसरी केली म्हणून कळलं.

म्हायेरी भावजय व्हती. तिनं माझं ताट येगळं केलं, पेला येगळा, कपडं येगळ्या दोरीवर. पोरांना म्हणायची आत्याकडं जायचं न्हाई. तिचा राग कसा करू, मीच माझं ताट येगळं घिऊन बसायची आदी. न्हाणीत पाणी वतून वतून जीव दमायचा. फिनेल टाकायची अंग धुवायच्या पाण्यात, कातडी सोलपाटून निघायची. दोन-चार महिन्यांनी तेच फोड परत उठायचं, थोडं कमी, पण तितंच, आन् लाँड्रीत परत जाय लागलेली, तवा मला वाटायचं चादरीनंच परत लागलं. काम सोडून खायचं काय, बा म्हातारा. मंग रबरी हातमोजं घालून काम करायची, त्यावर पिशवी बांधायची. संगतीच्या बाया बगत ऱ्हायच्या. एक दिवस मी हिय्या करून इचारलं त्यांना, तुमच्यापैकी कुणाला असलं उठलंय का. कुणालाच न्हाई. माझ्याआदीपासनं चादरी धुणाऱ्या बाया, हात सडलं सोड्यानं, पण हे न्हाई. मंग मलाच कसं, हे डोस्क्यात ऱ्हायलं, पण इचारायचं कुणाला.

असं वर्सं गेली. मंग बाळू आला.

बाळू लाँड्रीचा टेम्पो चालवायचा. सोमाटण्याचा. बंगल्या-बंगल्यांतनं गाठोडी आणायची, धुतलेल्या चादरी पोचवायच्या. समद्या बाया त्याला बाळूभाऊ म्हणायच्या, मी बी म्हणायची. त्याची बायको काविळीनं गेलती, मूलबाळ न्हवतं. बोलायला कमी. गाठोडं जड असलं की माझ्या हातनं न बोलता काढून घ्यायचा, आन् मी मागं सरायची, त्याचा हात माझ्या हाताला लागू नये म्हणून. त्याला वाटायचं मला राग येतो. एक दिवस म्हणाला, सुमनबाई, मी काय वाईट माणूस न्हाई. मी म्हणलं म्हाईत हाय. तो म्हणाला मंग लांब का पळता. मी काय सांगू त्याला. पुढं त्यानं सोमाटण्याच्या एका मावशीला आमच्या वाडीवर धाडलं, म्होतूर, म्हंजे दुसरं लगीन, लावायचं इचारायला. आयला लय आनंद झाला, ती तर रडाय लागली. आन् मी न्हाई म्हणलं. आय म्हणली का. मी म्हणलं न्हाई म्हंजे न्हाई. पण ताई, मला पायजे व्हता तो. मला लय पायजे व्हता.

तवा मी पयल्यांदा आपल्या पायानं दवाखान्यात गेले. सरकारी, तळेगावच्या बाजूला. कुणी वळखीचं दिसंल म्हणून डोस्क्यावरनं पदर घेतला, आन् तितं गुप्तरोगाचं एक दार व्हतं, त्या दारापुढं जी बसत्यात त्यांच्याकडं माणसं कसं बगत्यात तुमाला म्हाईत असंल. डॉक्टरबाई वयानं मोठ्या व्हत्या. त्यांनी पडद्याआड नेलं, बगितलं. इतक्या वर्सांत मला कुणी नीट बगितलंच न्हवतं, त्याच पयल्या. रक्त बी घेतलं, दुसरं काय मोठं न्हाई ना ते बगायला. ते न्हवतं. मंग म्हणल्या, बसा, हा हर्पीस आहे.

मी म्हणलं नागीण का. त्या म्हणल्या नागिणीच्या कुळातला आहे, पण नागीण नाही. हा एकदा अंगात शिरला की नसांच्या मुळाशी जाऊन बसतो, जन्मभर राहतो, मधूनमधून वर येतो. मी म्हणलं चादरीतनं आला. त्यांनी चष्मा काढला. म्हणल्या, कुणी सांगितलं तुम्हाला, चादरीतून येत नाही हा, संडासातून नाही, ताटातून नाही, पेल्यातून नाही. अंगाला अंग लागतं, त्यातूनच येतो, दुसऱ्याच्या कातडीवरून आपल्या कातडीवर.

मी आयकत व्हते, पण डोस्क्यात शिरत न्हवतं. त्यांनी इचारलं पयल्यांदा कधी झालं. म्हणलं पोटुशी व्हते, आठव्यात. त्याआधी कधीच नाही? न्हाई. नवरा तेव्हा बाहेरगावाहून आला होता का. मी त्यांच्याकडं बगितलं. त्या म्हणल्या, बऱ्याच जणांना आपल्याला आहे हेच ठाऊक नसतं, फोड एकदा येऊन जातो, खाज समजतात, त्यामुळे त्याला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. मी म्हणलं त्याच्याकडं टूब व्हती बाई. गोळ्या व्हत्या. गजकर्ण म्हणाला. डॉक्टरबाईंनी टेबलावरचा पाण्याचा गिलास माझ्याकडं सरकवला. आन् मी त्याच गिलासातनं पाणी प्याले, दुसऱ्याच्या गिलासातनं, इतक्या वर्सांनी.

मंग पोरीचं, नर्सबाईचं समदं सांगून मी इचारलं ते. म्हणलं पोरगी माझ्यामुळं गेली का. त्या म्हणल्या, तुमच्यातून तिला गेला हे खरं, दिवस भरत आले असताना पहिल्यांदा झाला की बाळाला फार धोका असतो, तेव्हा कळलं असतं तर औषध दिलं असतं, पोट कापून बाळ काढलं असतं, कदाचित वाचली असती. पण तुम्ही तर सांगितलं होतं ना फोड आले म्हणून, कुणी ऐकलं नाही, त्याला तुम्ही काय करणार. मी तितं खुर्चीत बसून अशी रडले की बाहेरची बाई डोकावून बगून गेली. चादरींचं वझं उतरलं म्हणून रडले का पोर वाचली असती म्हणून रडले, मला आजूनबी सांगता याचं न्हाई.

उठताना म्हणलं बाई, एक माणूस माझ्याशी लगीन करतो म्हणतोय. त्या परत बसल्या. म्हणल्या करा की, पण आधी त्याला सांगा, लग्नाआधी, अंगाला हात लावायच्या आधी. मंग समजावून सांगतलं. फोड असले, नाहीतर फोड यायच्या आधी तितं मुंग्या येत्यात, मांडीत कळ येती, तसं झालं की जवळ जायचंच न्हाई, खपली पडून कातडी साफ हुईस्तवर. मी म्हणलं बाकीच्या येळंला काय भ्या न्हाई ना. तर म्हणल्या तिथंच माणसं फसतात, काही दिसत नसलं तरी तो कातडीवर येऊन जातो, आणि तेव्हाही लागू शकतो. म्हणून दर येळंला निरोध. निरोधानं समदं झाकत न्हाई, पण लय आडतं. आन् रोज एक गोळी घेतली तर आजून कमी. मी म्हणलं मंग त्याला व्हणारच न्हाई? त्या म्हणल्या, असं वचन मी देणार नाही, धोका खूप कमी होईल, संपणार नाही, हे सुद्धा त्याला सांगा.

आता बाईनं गड्याला हे कसं सांगायचं, सांगा तुमी. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत्यात. मी आठ-धा दिवस घोकत व्हते. मंग एक दिवस दुपारी त्याला म्हणलं, बाळूभाऊ, मला आज टेम्पोनं घरी सोडा. त्याला नवल वाटलं. कार्ल्याच्या फाट्याच्या पुढं झाडाखाली थांबवायला लावला. ऊन मरणाचं, मागं धुतलेल्या चादरी. मी समोर काचंतनं रस्त्याकडं बगत सांगतलं समदं, टूब, पोर, डॉक्टरबाई, त्यांनी सांगतलेलं एकूण एक. त्याच्याकडं बगितलं असतं तर बोलता आलं नसतं.

तो म्हणाला मरत्यात का त्यानं. मी म्हणलं मोठं माणूस न्हाई मरत. मंग? मंग जन्मभर ऱ्हातं, मदीमदी उठतं, दुखतं, आन् तुमाला बी व्हईल कदाचित, कितीबी जपलं तरी. त्यानं किल्ली फिरवली. भाज्याच्या खालपोतर सोडलं, आन् टेम्पो वळवून गेला. दुसऱ्या दिवशीपासनं त्या फेरीला दुसराच डायवर यायला लागला. मी म्हणलं बरं झालं सुटला. घरी आयला काय सांगायचं म्हणून न्हाई सांगतलं. जेवण मातर जात न्हवतं.

महिना-दीड महिना गेला आन् हा एक दिवस लाँड्रीच्या दारात उभा. म्हणाला डॉक्टरबाईकडं जाऊन आलो, तू सांगतलं त्यात काय खोटं न्हवतं. मी म्हणलं खोटं कशाला सांगू. मंग तो म्हणाला, माझी बायको पिवळी पडत चाललती, तिनं दोन महिने मला कळू दिलं न्हाई, पदरानं तोंड झाकायची, म्हणायची हळदीचा हात लागलाय, माझं काम बुडंल म्हणून. कळलं तवा पोट फुगलं व्हतं. न सांगितल्यानं गेली ती. तू सांगतलंस. म्हणाला मला भ्या वाटतंय, न्हाई असं न्हाई, पण सांगणारी बाई मला पायजे.

सोमाटण्यात म्होतूर झालं, थोडकी माणसं, भात-आमटी. आता मी त्यांना ‘हे’ म्हणते, बाळूभाऊ कसं म्हणू. पयलं वरीस तर आमी एकमेकांना भिऊनच काढलं. त्यांनी हात लावला तर मीच दचकायची. मंग हळूहळू बसलं. मुंग्या आल्या की मी म्हणायची आत्याबाई यायच्या म्हणत्यात, की हे आपली वाकळ उचलून दाराशी जायचं. शेजारीण म्हणायची तुमची आत्या कवा दिसत न्हाई ती. आमी हसायचो. पण समदं हसण्यावारी न्हवतं, ताई. एकदा हे जत्रंतनं पिऊन आलं, मी म्हणलं आत्याबाई आल्यात, तर म्हणाले मरू दे तिला, माझी बायको हायेस का न्हाई तू. मी त्यांना ढकलून बाहेर काढलं, कडी लावली, आन् कडी धरून उभी ऱ्हायले. बाहेरनं शिव्या. आतनं मी म्हणत्याय, मला शिव्या द्या, मारा, पण माझ्या हातनं हे व्हायचं न्हाई. सकाळी टेम्पोत झोपलेलं सापडलं. चहा दिला तर खाली बगून घेतला. परत कंदी पिऊन घरात आलं न्हाईत.

मूल पायजे व्हतं त्यांना. डॉक्टरबाई म्हणल्या व्हतं की, जुना आजार असला तर बाळाला धोका कमी असतो, शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊ, कळा आल्यावर नीट बघू, फोड दिसले तर पोट कापून काढू. समदं खरं. पण त्यासाठी निरोध बाजूला ठिवायला लागंल, आन् मंग ते नऊ महिने. माझी छाती झाली न्हाई. मी न्हाई म्हणलं. ह्यांनी एकदा इचारलं, मंग इचारलं न्हाई. त्यांच्या घरातली माणसं मला वांझ म्हणत्यात, आन् हे आयकून घेत्यात, ते मला शिव्यांपरीस जास्त लागतं.

बरीच वर्सं जपलं. गोळ्या कधी दवाखान्यात नसायच्या, तवा बाहेरनं घ्यायचो, तेबी झालं न्हाई तर लांब ऱ्हायचो. आन् गेल्या पावसाळ्यात ह्यांना ताप आला. मी म्हणलं भिजला असाल. दोन दिवस हे चालताना पाय फाकून चालायचं. मंग भाकरी थापत व्हते मी, तर मागनं यिऊन उभं ऱ्हायलं आन् म्हणाले, सुमन, आत्याबाई माझ्याकडं बी आल्या.

तव्यावर भाकरी जळाली. मी कपाळ बडवून घेतलं चुलीपुढं. म्हणलं कुटं चुकलं, कवा चुकलं, सांगा. मला तर आठवंना. हे माझं हात धरून ठिवत्यात आन् मी म्हणत्याय माझ्या पोरीला दिला, आता तुमाला दिला, माझ्या अंगातनं दुसरं काय निघतच न्हाई. हे म्हणाले गप, शेजारी आयकत्यात. दवाखान्यात दोघं गेलो. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, म्हणल्या चुकलं काही नाही तुमचं, इतकी वर्षं टळलं ते जपल्यामुळेच, पण मी तेव्हाच म्हणाले होते ना वचन देत नाही. आन् म्हणल्या, आता तुमच्याकडूनच आला असंही छातीठोक सांगता येत नाही, कधी कधी वर्षानुवर्षं अंगात झोपलेला असतो, पहिल्या बायकोच्या वेळचाही असू शकतो.

बाहेर आलो, बाकड्यावर बसलो. मी म्हणलं आयकलं ना, तुमच्या पयलीचा बी आसंल. मला ते आसावं असंच वाटत व्हतं, ताई, काय लपवू. हे म्हणाले, न्हाई. मेलेल्या बाईवर कशाला आळ घ्यायचा, ती काय यिऊन बोलणार हाय. तुझाच म्हणू. तुझा घेताना मला म्हाईत व्हतं.

आता आमी दोघंबी सारखंच झालोय. लोकांना वाटंल सुटलो एकदाचं, आता कुणाला जपायचं. सुटल्यावानी काय वाटत न्हाई. त्यांना उठतं तवा निस्तं टेम्पोच्या शिटावर उशी ठिवून बसत्यात, आन् ती उशी बगितली की मी दुसरीकडं बगते. मी म्हणते व्हऊ द्या आता, देवानं जे दिलं ते दोघांत वाटून घेतलं. ह्यावरनं त्यांनी मला एक दिवस सुदीक टाकून बोललं न्हाई.

तुमी हे लिवणार, पोरीबाळी वाचतील. मी काय शानी न्हाई, मला सांगायचं एवढंच की लपवू नका गं, आन् ज्यानं सांगितलं त्याला टाकू नका. तुमाला मुली हायेत का? दोन? देव त्यांना सांगणारं माणूस देवो. आता उठते, ताई, ह्यांची गोळी ऱ्हायलीय, दिल्याबिगर घेत न्हाईत.